इंग्रजीतले भारी शब्द कसे शिकायचे, यादी पाठ न करता

मी एकदा ऑफिसातल्या एका सिनियर मॅडमना मेल लिहिला. त्यांनी मला एक किचकट हिशोब समजावून सांगितला होता, अगदी सोप्पा करून, आणि मला त्यांचे आभार मानायचे होते, पण नुसतं 'सिंपल' लिहिणं मला त्या काळात फार कमीपणाचं वाटायचं कारण नुकतीच मी पाचशे शब्दांची एक यादी घोकून काढली होती. मग मी लिहिलं, थँक यू फॉर युअर सिम्प्लिस्टिक एक्स्प्लनेशन. यादीत सिम्प्लिस्टिकसमोर काय होतं, तर 'साधा, सोपा'. मॅडमचं उत्तर आलंच नाही. दोन दिवसांनी शेजारच्या टेबलवरच्या मित्राने हळूच सांगितलं की अरे बाबा, सिम्प्लिस्टिक म्हणजे सोपं नाही, गुंतागुंतीची गोष्ट वरवर बघून नको तितकी सोपी करून टाकली असा टोमणा आहे तो. म्हणजे आभार मानता मानता मी त्यांची अक्कल काढून बसलो होतो.

तेव्हापासून याद्या बंद. अर्थ माहीत असणं वेगळं आणि शब्द येणं वेगळं हे त्या मेलने चांगलंच शिकवलं, आणि त्यानंतर जे करत आलोय ते इथे लिहितोय. ज्यांचं इंग्रजी कामापुरतं बरं आहे, मेल लिहिता येतो, सबटायटल लावून पिक्चर कळतो, पण चांगला लांबलचक लेख वाचायला घेतला की तिसऱ्या परिच्छेदात दम लागतो, अशांसाठी आहे हे. अगदी एबीसीडीपासून सुरुवात असेल तर हे आत्ता नको, नंतर या.

स्टेप १. आधी आपण कुठे आहोत ते मोजा

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्लिश डिक्शनरीची १९८९ ची आवृत्ती २० खंडांची आहे. ते बघून छातीत धडकी भरते, पण रोजच्या वाचनाला त्यातला अगदी छोटा तुकडा पुरतो. मायकेल वेस्ट नावाच्या शिक्षकाने १९५३ मध्ये सगळ्यात उपयोगी अशा साधारण २००० शब्दांची यादी काढली होती, ती तुमची बहुतेक झालेली असते. त्यानंतर २००० साली एव्हरिल कॉक्सहेड यांनी अभ्यासाच्या पुस्तकांमधून आणि शोधनिबंधांमधून ५७० शब्दकुळं वेगळी काढली. शब्दकुळ म्हणजे एका शब्दाची सगळी भावंडं, अ‍ॅक्ट, अ‍ॅक्शन, अ‍ॅक्टिव्ह, अ‍ॅक्टिव्हेट असं. या ५७० कुळांतून अभ्यासाच्या लिखाणातले शंभरातले सुमारे दहा शब्द येतात, आणि हा माझ्या मते सगळ्यात स्वस्तातला सौदा आहे. इन्हेरंट, अँबिग्युअस, कोहेरंट, सब्सिक्वंट, आर्बिट्ररी, रिलक्टन्स, ऑल्बीइट, नॉटविथस्टँडिंग, असले शब्द त्यात आहेत.

आता गंमत बघा, लोक ही मधली पायरी सोडून डायरेक्ट वरच्या मजल्यावर उडी मारतात. युबिक्विटस, इफेमरल, सेरेंडिपिटी हे स्टेटसला टाकता येतात म्हणून पाठ असतात, आणि ऑल्बीइट वाक्यात आला की गाडी अडते. आधी मधला मजला बांधा, मग गच्चीवर जा.

मोजायचं कसं, तर जे तुम्हाला वाचायला आवडेल असं वाटतं त्यातले साधारण ३०० शब्द घ्या, म्हणजे पुस्तकाचं एक पान, आणि न येणाऱ्या शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारा. पॉल नेशन या भाषाशास्त्रज्ञाने २००६ मध्ये मांडलं की मदतीशिवाय नीट वाचायचं तर शंभरातले ९८ शब्द ओळखीचे लागतात आणि त्यासाठी साधारण ८ ते ९ हजार शब्दकुळं माहीत असावी लागतात. म्हणजे ३०० शब्दांत सहा अनोळखी चालतील. पंधरा वीस निघाले तर ते पुस्तक आत्ता बाजूला ठेवा, त्यात कमीपणा काही नाही. एकही निघाला नाही तर तुम्ही आरामात पडून वाचताय, शिकत नाही.

स्टेप २. शब्द वाचनातून उचला, आणि पहिल्या भेटीत उचलू नका

मी पूर्वी प्रत्येक नवीन शब्दाला थांबायचो, डिक्शनरी उघडायचो, आणि अर्ध्या तासात एक पान वाचून व्हायचं आणि गोष्ट काय चालली होती तेच विसरून जायचो. आता नियम असा की पहिल्यांदा दिसला तर फक्त रेघ मारायची, अंदाज करायचा आणि पुढे सरकायचं. तोच शब्द पंधरा दिवसांत परत कुठे दिसला तर मग तो आपल्या कामाचा आहे, त्याला वहीत घ्या. जो परत येतच नाही त्याच्यावर कशाला मेहनत.

अंदाज करणं हे पण एक स्किल आहे आणि ते जमतं. समजा वाक्य आलं, ही वॉज सो टॅसिटर्न दॅट इव्हन हिज वाइफ लर्न्ड अबाऊट हिज प्रमोशन फ्रॉम द नेबर्स. टॅसिटर्न आपल्याला येत नाही. पण प्रमोशनसारखी गोष्ट बायकोला शेजाऱ्यांकडून कळली म्हणजे हा गडी घरात तोंडच उघडत नसणार. मराठीत आपण काय म्हणू, घुमा. आणि टॅसिटर्न म्हणजे अगदी तेच. असा स्वतः काढलेला अर्थ डिक्शनरीत बरोबर निघाला की जो आनंद होतो ना, तो शब्द मग सहसा सुटत नाही. चुकला तरी हरकत नाही, चुकीचा अंदाज दुरुस्त झालेला जास्त लक्षात राहतो असा माझा तरी अनुभव आहे.

स्टेप ३. डिक्शनरी कोणती आणि त्यात काय बघायचं

साधी नको, लर्नर्स डिक्शनरी घ्या. ही डिक्शनरी परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच बनवलेली असते. ए. एस. हॉर्नबी नावाचा इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवायचा, त्याने आणि त्याच्या साथीदारांनी १९४२ मध्ये तिथेच अशी पहिली मोठी डिक्शनरी काढली, तीच पुढे ऑक्सफर्डची लर्नर्स डिक्शनरी झाली. १९७८ मध्ये लाँगमनने तर ठरवलं की सगळे अर्थ साधारण २००० सोप्या शब्दांतच लिहायचे, म्हणजे एका शब्दाचा अर्थ बघायला गेलं आणि त्या अर्थातल्या चार शब्दांसाठी परत पानं उलटायची हा छळ संपला. आज या दोन्ही ऑनलाइन फुकट आहेत आणि उच्चारही ऐकवतात.

उघडल्यावर डोळे थेट अर्थावर जातात, तसं करू नका. आधी बारीक अक्षरातली लेबलं वाचा. फॉर्मल, इन्फॉर्मल, ओल्ड फॅशन्ड, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डिसअप्रूव्हिंग. सिम्प्लिस्टिकसमोर हेच लेबल असतं, मी ते बघितलं असतं तर मॅडमशी संबंध बिघडले नसते. मग उदाहरणं वाचा, तिन्ही चारही. अर्थ शेवटी.

मराठी अर्थ लिहायचा की नाही यावर लोक फार भांडतात. माझं मत, नेमका मराठी शब्द सापडला तर जरूर लिहा आणि नाही सापडला तर ओढूनताणून बसवू नका. ऑब्सीक्विअसला लाळघोट्या, गलिबलला भोळसट, प्रोक्रॅस्टिनेटला चालढकल करणे, हे इतके चपखल बसतात की इंग्रजी समजावणी वाचायची गरजच उरत नाही. पण फॅस्टिडियस घ्या. चोखंदळ म्हटलं तर ते जरा कौतुकाचं होतं, किरकिऱ्या म्हटलं तर फारच वाईट, आणि फॅस्टिडियस या दोघांच्या मधे कुठेतरी उभा आहे. मी वहीत तसंच लिहिलंय, चोखंदळ आणि किरकिऱ्याच्या मधला.

स्टेप ४. शब्दाची संगत, इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा

मराठीत भूक कडकडून लागते, झोप गाढ लागते, अंधार मिट्ट असतो आणि जंगल घनदाट असतं. कोणी म्हणालं मला गाढ भूक लागलीय, तर आपल्याला समजतं सगळं पण हसू येतं. आपल्याला हे कोणी शिकवलेलं नाही, कानावर पडून पडून आलंय. इंग्रजीत आपल्या कानावर तेवढं पडलेलं नसतं म्हणून ते मुद्दाम टिपून घ्यावं लागतं. पाऊस तिथे हेवी असतो, वारा मात्र स्ट्राँग असतो. गरिबी अ‍ॅब्जेक्ट असते, खराब हवामान इन्क्लेमंट असतं, पाठीराखा स्टॉन्च असतो, टीका स्केदिंग असते आणि मनातला छुपा हेतू अल्टीरियर असतो. हे शब्द एकटे पाठ करण्यात काही अर्थ नाही, जोडीनेच लिहा. अल्टीरियर असं नाही लिहायचं, अल्टीरियर मोटिव्ह असं लिहायचं.

क्रियापदांचं तर विचारूच नका. मिटिगेट म्हणजे कमी करणे, अलिव्हिएट म्हणजे पण कमी करणे, यादी इथे थांबते आणि आपण गोत्यात येतो. थोडी उदाहरणं गोळा केली की दिसतं की मिटिगेटच्या पुढे रिस्क, डॅमेज, इम्पॅक्ट असले शब्द येतात आणि अलिव्हिएटच्या पुढे पेन, सफरिंग, पॉव्हर्टी. एकात धोक्याची धार बोथट करायची आहे, दुसऱ्यात सोसणाऱ्याला आराम द्यायचाय. दोघांपैकी कोणाचंही 'प्राइस' किंवा 'स्पीड'शी जमत नाही, तिथे आपला साधा रिड्यूस बरा. तसंच एक्झॅसर्बेट. म्हणजे वाढवणे, चिघळवणे, पण ते फक्त वाईट गोष्टींचं होतं. प्रॉब्लेम एक्झॅसर्बेट होतो, तणाव होतो, दुखणं होतं, आनंद कधीच होत नाही.

आणि रंग. फ्रूगल आणि स्टिंजी दोघेही पैसे कमीच खर्च करतात, पण एक काटकसरी आणि दुसरा चिक्कू. चाइल्डलाइक म्हणजे निरागस, चाइल्डिश म्हणजे पोरकट. फेमस माणूस प्रसिद्ध आणि नोटोरियस माणूस कुप्रसिद्ध, तरी भाषणात पाहुण्यांची ओळख करून देताना त्यांना नोटोरियस म्हणणारे मी दोन जण ऐकलेत. मी वहीत प्रत्येक शब्दापुढे अधिक, उणे किंवा शून्य अशी खूण करतो. दोन सेकंदांचं काम आहे आणि पुढची बरीच लाज वाचते.

काही जोड्या मुद्दाम समोरासमोर लिहून ठेवा कारण त्या फसवायलाच बसलेल्या असतात. अनइंटरेस्टेड म्हणजे रस नसलेला, डिसइंटरेस्टेड म्हणजे ज्याचा स्वतःचा फायदा तोटा अडकलेला नाही असा, नि:पक्षपाती. न्यायाधीश डिसइंटरेस्टेड असावा, अनइंटरेस्टेड असेल तर झोपून जाईल. इन्जीनियस म्हणजे कल्पक, इन्जेन्युअस म्हणजे भाबडा. बोलणारा इम्प्लाय करतो म्हणजे सुचवतो, ऐकणारा इन्फर करतो म्हणजे अर्थ काढतो. कॉम्प्लिमेंट तर देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, मधे आय असेल तर स्तुती आणि ई असेल तर पूरक गोष्ट. आणि सँक्शन नावाचा एक महाभाग आहे, त्याचा अर्थ परवानगी देणे पण होतो आणि निर्बंध लादणे पण, तिथे वाक्य पूर्ण वाचल्याशिवाय निकाल देऊ नये.

स्टेप ५. वहीतली एक नोंद कशी दिसते

माझ्या वहीतली जशीच्या तशी सांगतो. शब्द रिकॅल्सिट्रंट. उच्चारात जोर 'कॅल'वर. विशेषण, फॉर्मल, रंग उणे. अर्थ, वर कोणीतरी सांगणारा असताना मुद्दाम न ऐकणारा, आडमुठा. संगत, चाइल्ड, मेंबर, एम्प्लॉयी. मूळ, लॅटिनमध्ये कॅल्क्स म्हणजे टाच, मागे लाथा झाडणारं जनावर. शेजारी कोण, स्टबर्न, पण स्टबर्न माणूस एकटा असताना पण हट्टी असू शकतो, रिकॅल्सिट्रंट व्हायला समोर हुकूम देणारा लागतो. मग ज्या वाक्यात तो भेटला ते वाक्य. आणि शेवटी स्वतःचं वाक्य, माय प्रिंटर बिकम्स रिकॅल्सिट्रंट एव्हरी टाइम आय हॅव अ डेडलाइन.

स्वतःचं वाक्य खरं असलं पाहिजे, म्हणजे तुमच्या आयुष्यातलं. द बॉय इज रिकॅल्सिट्रंट असलं वाक्य लिहू नका, तो बॉय कोण, कुठला, आपलं त्याच्याशी काय देणंघेणं. माझा प्रिंटर मात्र खराच तसा आहे.

एवढं लिहायला एका शब्दाला सात आठ मिनिटं जातात. म्हणून आठवड्याला पाच शब्द, बस्स. रोज वीस शब्दांचे संकल्प मी पण केलेत, ते चौथ्या दिवशी मोडतात. पाच म्हणजे वर्षाला २६० होतात आणि ते २६० खरंच आपले असतात.

स्टेप ६. मुळं, आणि इथे आपण मराठीवाले फायद्यात आहोत

१७८६ मध्ये विल्यम जोन्स या कलकत्त्यातल्या न्यायाधीशाने जाहीर भाषणात सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा इतक्या सारख्या आहेत की त्या एकाच कुठल्यातरी जुन्या भाषेतून निघालेल्या असणार. आपल्याला याचा उपयोग असा की इंग्रजीतले अवघड शब्द बहुतेक लॅटिन ग्रीकमधून आलेत आणि त्यांची लांबची भावकी आपल्या तोंडात आधीच आहे. ज्ञा धातू घ्या, ज्ञान, अज्ञान, विज्ञान. तिकडे त्याचे भाऊबंद म्हणजे कॉग्निशन, डायग्नोसिस, प्रॉग्नोसिस, अ‍ॅग्नॉस्टिक, इग्नोरंट, आणि साधा नो म्हणजे माहीत असणे तो पण. त्याच्या स्पेलिंगमधला तो न उच्चारला जाणारा के उगीच नाहीये, एकेकाळी तो बोलला जायचा.

मृत्यूमधला मृ घ्या, मॉर्टल, इम्मॉर्टल, मॉर्च्युअरी, आणि मॉरिबंड म्हणजे मरणपंथाला लागलेला, हा शब्द संस्थांबद्दल आणि कंपन्यांबद्दल पण वापरतात. बसणे या अर्थाचा सद् घ्या, सदन, संसद, परिषद. तिकडे सेडंटरी म्हणजे बैठं काम, सेडिमेंट म्हणजे तळाशी बसलेला गाळ, आणि सुपरसीड म्हणजे एखाद्याच्या वर जाऊन बसणे, त्याची जागा घेणे. यात एक बोनस आहे, प्रीसीड, कन्सीड यांच्या स्पेलिंगमध्ये सी येतो पण सुपरसीडमध्ये एस येतो कारण त्याची आई वेगळी, ही बसणारी, त्या दोघांची 'जाणे' या अर्थाची. युज् घ्या, योग, युग्म, जोडणे. तिकडे योक म्हणजे बैलाच्या मानेवरचं जू, आणि सब्जुगेट म्हणजे जुवाखाली आणणे, गुलाम करणे. कॉन्जुगल म्हणजे नवराबायकोचं, तिथे पण जू आहेच, यावर मी काही बोलत नाही.

एका मुळाचे सगळे शब्द एकदम बघितले की त्यांची गोष्ट बनते. लॅटिनमध्ये ग्रेक्स म्हणजे कळप. कळपात रमणारा तो ग्रिगेरियस, कळप एकत्र आला की कॉन्ग्रिगेट, कळपातून वेगळं काढलं की सेग्रिगेट. आणि इग्रीजस म्हणजे कळपातून बाहेर उठून दिसणारा. पूर्वी हा चांगल्या अर्थाने वापरायचे, उत्तम, नामवंत असा, पण आता पूर्ण उलटलाय, इग्रीजस एरर म्हणजे घोडचूक. त्यामुळे मूळ कळलं म्हणून आजचा अर्थ कळला असं नाही, मूळ हे लक्षात ठेवायला खुंटी म्हणून वापरा, अर्थ डिक्शनरीलाच विचारा.

कारण काही शब्द चक्क मुखवटा घालून फिरतात. नॉइसमचा नॉइजशी काही संबंध नाही, त्याचा अर्थ घाणेरडा, दुर्गंधी येणारा. एनर्व्हेट वाचून एनर्जी आठवते पण अर्थ आहे गळून जाणे, ताकद काढून घेणे. रेस्टिव्ह म्हणजे आराम करणारा नव्हे, चुळबुळ करणारा, बेचैन.

मुळांचा अजून एक फायदा, शब्दाचा सूर कळतो. १०६६ मध्ये फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढे कितीतरी वर्षं दरबारात फ्रेंच, विद्वानांमध्ये लॅटिन आणि घरात इंग्रजी असा कारभार चालला. त्यामुळे एकाच गोष्टीला तीन तीन शब्द झाले, विचारायला आस्क, क्वेश्चन आणि इंटरॉगेट. पहिला घरगुती, दुसरा जरा कडक, तिसरा पोलीस चौकीतला. आपल्याकडे दूध आणि दुग्ध, हात आणि हस्त असतात ना तसंच. दुग्धव्यवसाय म्हणतो आपण, पण एक ग्लास दुग्ध दे असं कोणी म्हणत नाही. नवीन शब्द शिकला की त्याचा घरगुती भाऊ कोण हे शेजारी लिहा, म्हणजे कॉमेन्स कधी आणि स्टार्ट कधी हा घोळ होत नाही.

स्टेप ७. उच्चार, थोडक्यात

आपल्याला जसं लिहिलं तसं वाचायची सवय, आणि इंग्रजी त्या बाबतीत बेभरवशाची आहे. एपिटोम नाही, इपिटमी. हायपरबोल नाही, हायपर्बली. इंडिक्ट नाही, इन्डाइट. डेब्रिसमधला एस गायब, डेब्री. ऑरी वाटतो तो शब्द खरं तर अराय आहे. नियम शोधत बसू नका, वहीत लिहायच्या आधी एकदा ऐका आणि तीनदा मोठ्याने म्हणा. एवढंच.

स्टेप ८. उजळणी, म्हणजे वाचणं नाही, आठवणं

हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने स्वतःवरच प्रयोग केले, निरर्थक अक्षरं पाठ करायची आणि किती वेळात किती विसरतो ते मोजायचं, आणि १८८५ मध्ये ते छापलं. त्यात दिसलं की विसरणं सुरुवातीला सगळ्यात वेगात होतं, पहिल्या तासात आणि पहिल्या दिवसात धडाधड, मग उतार मंदावतो. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी पाहिजे, रविवारी बघू म्हटलं तर रविवारपर्यंत बघायला काही उरत नाही.

मी जे करतो ते सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने १९७२ मध्ये सांगितलेल्या डब्यांच्या पद्धतीवरून. पाच डबे घ्या, चपलांचे खोके चालतील. नवीन शब्दाचं कार्ड पहिल्या डब्यात. पहिला डबा रोज काढायचा, दुसरा दर तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरा दिवसांनी, पाचवा महिन्याने. उत्तर आलं तर कार्ड पुढच्या डब्यात, चुकलं तर कितीही पुढे गेलेलं असलं तरी परत पहिल्यात. सापशिडीच आहे. दिवस मी माझ्या सोयीने ठरवलेत, तुम्ही तुमचे ठरवा. डबे नको असतील तर अँकी नावाचं अ‍ॅप आहे, २००६ पासून चालू आहे, ते हाच हिशोब स्वतः ठेवतं आणि कॉम्प्युटरवर फुकट मिळतं. फक्त एक विनंती, दुसऱ्याने बनवलेली हजार हजार कार्डांची तयार गड्डी उतरवून घेऊ नका. ती म्हणजे परत यादीच झाली, फक्त पडद्यावरची.

कार्डाच्या पुढच्या बाजूला शब्द आणि मागे अर्थ असं लिहायचं नाही. पुढे रिकामी जागा सोडलेलं वाक्य लिहा आणि हवं तर पहिलं अक्षर. ही डिडंट ऑफर हेल्प आउट ऑफ काइंडनेस, ही हॅड अ‍ॅन डॅश मोटिव्ह. मागे अल्टीरियर. म्हणजे शब्द डोक्यातून ओढून काढावा लागतो. नुसती वही डोळ्याखालून घातली की सगळंच ओळखीचं वाटतं आणि आपल्याला वाटतं आलं, ते फसवं असतं, ओळखीचा चेहरा आणि नाव आठवणं यात जेवढा फरक आहे तेवढा.

स्टेप ९. वापरा, पण सगळेच नाही

शिकलेला प्रत्येक शब्द बोलायलाच पाहिजे असं नाही. बरेच शब्द वाचताना कळले की झालं. पाचपैकी दोन निवडा जे तुमच्या कामात खरंच लागतील आणि ते त्या आठवड्यात एकदा लिहिण्यात आणा, मेल, रिपोर्ट, डायरी, काहीही. लिहिताना आधी, बोलताना नंतर, कारण लिहिलेलं पाठवायच्या आधी तपासता येतं. एका परिच्छेदात एकच भारी शब्द. तीन घातले की वाचणाऱ्याला मुद्दा दिसत नाही, तुमची मेहनत दिसते. आणि पाठवायच्या आधी तिथे साधा शब्द ठेवून वाक्य परत वाचा, काही बिघडत नसेल तर साधाच ठेवा. मी असे निम्मे तरी परत काढतो.

आता राहिला चिवट शब्दांचा प्रश्न. काही काही शब्द बसतच नाहीत, कारण काय ते कळत नाही. पहिल्या डब्यात चार वेळा परत आला की मी ते कार्ड फाडतो आणि नवीन वाक्य घेऊन नव्याने लिहितो, कारण बहुतेक वेळा शब्द नाही, वाक्य मेलेलं असतं. तरीही नाही बसला तर सोडून देतो, वाचनात परत भेटेल तेव्हा बघू. माझा सध्याचा असा शब्द म्हणजे ऑब्व्हिएट, गरजच उरू नये असं आधीच काहीतरी करून ठेवणे. निड ऑब्व्हिएट होते, रिस्क होते, सगळं माहीत आहे, त्याच्या लॅटिन मुळात 'रस्ता' हा शब्द आहे ते पण माहीत आहे, आणि काल परत ते वाक्य समोर आलं तर मी छातीठोकपणे अलिव्हिएट लिहिलं. तिसऱ्यांदा पहिल्या डब्यात गेलाय.